हीबीचा उजवा हात

त्याची आणि माझी गाठ घालून दिली ती एका मेलेल्या गरुडाने.

मार्च महिना होता. मावशीच्या टोप्यांच्या तीन पेट्या छातीशी कवटाळून मी नॉर्थ ब्रिजवरून घरी निघाले होते. एडिंबरात मार्च महिन्यात त्या पुलावरून शहाणी माणसं कठडा धरून चालतात. समोरून एक उंच माणूस येत होता, आणि त्याच्या काखेत पेंढा भरलेला भलामोठा गरुड होता… चक्क पंख पसरलेला! वाऱ्याचा झोत आला. आपण जिवंत आहोत असा गरुडाला भास झाला असावा; कारण त्याचा एक पंख सपकन माझ्या तोंडावर बसला. माझ्या डोक्यावरची टोपी उडाली, कठड्यापलीकडे गेली आणि खालच्या बाजाराच्या छपरांवर गिरक्या घेत दिसेनाशी झाली.

"अरे देवा!" तो माणूस ओरडला. "लागलं का?"

"नाही, फारसं नाही," मी गाल चोळत म्हटलं.

"तुम्हाला नाही हो, ह्याला!" त्याने गरुड उलटापालटा करून पाहिला. "बघा, दोन पिसं गेली."

"आणि माझी टोपी गेली ती?"

"टोपी दुसरी मिळेल. हा गरुड उसना आहे."

मी इतकी संतापले की गरुडाची उरलेली पिसंही उपटावीशी वाटली. तेवढ्यात त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. करडे डोळे, आणि डाव्या भुवईला निळा रंग लागलेला… स्वारीला त्याचा पत्ताच नव्हता.

"हलू नका," तो हलकेच म्हणाला.

का कोण जाणे, मी हलले नाही. त्याने दोन बोटांनी माझ्या गालावर चिकटलेलं पीस उचललं, त्यावर फुंकर मारली आणि ते खिशात टाकलं.

"परत चिकटवावं लागेल," असं म्हणून गरुडाला घेऊन तो निघूनही गेला!

मी लिलियस हॅलिबर्टन. माझे वडील फाइफच्या किनाऱ्यावर एका खेड्यात पाद्री होते. ते वारले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. मावशीने मला एडिंबराला आणलं. मावशी म्हणजे लेडी ग्लेनकार्डी. विधवा, श्रीमंत, आणि स्वतःच्या मतांवर जिवापाड प्रेम करणारी. तिच्या घरात मी भाची होते, आणि पेट्या उचलायची वेळ आली की पेट्या उचलणारी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी मला एका चित्रकाराकडे घेऊन गेली. तिसरा मजला, उत्तरेकडे उघडणारी मोठी खिडकी, अळशीच्या तेलाचा वास. आणि मधोमध स्टुलावर… तोच गरुड.

"लिलियस, हे मिस्टर निनियन पॅटर्सन," मावशी म्हणाली. "तीन वर्षं रोममध्ये होते."

"टोपी मिळाली?" मिस्टर पॅटर्सननी विचारलं.

"पिसं चिकटली?" मी विचारलं.

"तुम्ही एकमेकांना ओळखता?" मावशी.

"नाही!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

त्या वर्षी आमच्याकडच्या बड्या घरच्या बायकांना वेडच लागलं होतं. जिला बघावं ती ग्रीक पुतळ्यासारखी पांढरी मलमल नेसून, केसांचा अंबाडा वर बांधून स्वतःचं चित्र काढून घेत होती. म्हाताऱ्या लेडी किल्मोरीची सून तर वीणा घेऊन बसली होती, जिला एक सूर धड लावता येत नाही! मग मावशी मागे कशी राहणार?

"मी हीबी होणार," तिने जाहीर केलं. "गरुडाला अमृत पाजणारी."

मिस्टर पॅटर्सननी एकदा गरुडाकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. "हीबी… म्हणजे तारुण्याची देवी?"

"दुसरी कुठली हीबी आहे?"

"नाही, नाही," ते जपून म्हणाले. "तीच एक."

मावशी अठ्ठेचाळीस वर्षांची होती.

दोनदा ती अर्धा अर्धा तास बसली. तिसऱ्या दिवशी तिने फर्मान काढलं, "चेहरा झाला ना? मग बाकीचं लिलियसला उभं करून काढा. हात काय, सगळ्यांचे सारखेच असतात." आणि ती पत्ते खेळायला निघून गेली.

अशी मी हीबी झाले. मावशीची म्हातारी दासी कर्स्टी माझ्यासोबत यायची. तिला नीट ऐकू येत नसे. कोपऱ्यात बसून ती मोजे विणायची. मी पातळ मलमलीत, उघड्या दंडांनी उभी राहायची, हातात पितळी पेला. समोर गरुड. रंगाच्या वासाने डोकं धरू नये म्हणून खिडकी उघडी, आणि खिडकीतून समुद्रावरचं थंडगार धुकं सरळ माझ्या मानेवर!

"हात थोडा वर. वर… फार नाही. मनगट सैल सोडा. मिस हॅलिबर्टन, तुम्ही देवाच्या पक्ष्याला अमृत देताय. पाहुण्याला लापशी वाढत नाही आहात."

"देवांच्या घरी चूल पेटलेली असेल. इथे अमृत गोठलंय."

"बोलू नका."

"तोंड कुठे काढताय माझं? तोंड मावशीचं आहे."

"तुम्ही बोललात की खांदा बोलतो."

"खांदा बोलतो?"

"फार बोलतो," ते कुंचला दातात धरून पुटपुटले. "आत्ता तो मला शिव्या देतोय."

देत होताच. डोक्यात तिडीक जायची माझ्या. पण दुसऱ्या दिवशी गेले तर माझ्या पायाशी गरम विटांनी भरलेली लोखंडी पेटी ठेवलेली असायची आणि पेल्यात ओटची भाकरी लपवलेली. चीज लावून! मी कर्स्टीची नजर चुकवून खायची, आणि हे महाशय जणू काही दिसलंच नाही अशा चेहऱ्याने रंग घोटत राहायचे.

हळूहळू मला त्यांच्याबद्दल कळत गेलं. लीथ बंदरात त्यांचे वडील घोडागाड्या रंगवायचे. दारांवर सरदारांची मानचिन्हं काढता काढता मुलगा चित्रं शिकला. मग रोम. "तिथे तीन वर्षं मी दगडाचे हात काढले," ते एकदा म्हणाले. "हजारो हात… सुंदर! पण त्यातला एकही कधी थंडीने शहारला नाही."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्या दंडावर होती. मला वाटतं, त्या वेळी माझ्या अंगावर जो काटा आला तो थंडीचा नव्हता. मी घाईने हात खाली घेतला.

"हलवू नकोस!"

कोपऱ्यात कर्स्टीच्या सुया तेवढ्या टकटकत होत्या. मिस्टर पॅटर्सनचे कान लाल झाले.

"हलवू नका," त्यांनी सुधारलं.

"आधीचंच चालेल," मी गरुडाकडे बघत म्हटलं.

तेव्हापासून कर्स्टीच्या देखत 'तुम्ही' आणि खालच्या आवाजात 'तू' असं सुरू झालं. तशीही कर्स्टीला दोन्ही सारखंच ऐकू यायचं.

आता खरी वैतागाची गोष्ट सांगते.

चित्र संपलं की मावशी मला केथनेसला धाडणार होती. अगदी उत्तरेच्या टोकाला, तिच्या एका आजारी नणंदेची सोबतीण म्हणून. तिथे म्हणे झाडंसुद्धा नाहीत. वारा त्यांना उभंच राहू देत नाही. मी हे निनियनला सांगितलं. अगदी सहज सांगतेय असं दाखवून, पण शब्दन्‌शब्द मोजून.

त्याने कुंचला थांबवला. "केव्हा?"

"चित्र झालं की."

"म्हणजे एप्रिलअखेर," तो म्हणाला. आणि पुन्हा रंगवू लागला… आधीपेक्षा भरभर!

या माणसाला काय म्हणावं? बाकीचे चित्रकार एकेका चित्राला वर्ष वर्ष लावतात. घरचे लोक हेलपाटे घालून दमतात. आणि माझ्याच वाट्याला नेमका वेळेवर काम देणारा यावा? मग काय, उशीर करायचं काम मलाच हाती घ्यावं लागलं. मी शिंकायची. पेला पाडायची. आज कोपर इकडे तर उद्या तिकडे. एकदा तर गरुडाची शेपटी मी भिंतीकडे वळवून ठेवली.

"काल कोपर इथे होता!" निनियन केस उपटायच्या बेताला यायचा. "इथे! या खिळ्याच्या खाली!"

"कोपर आहे, दीपस्तंभ नाही."

"लिलियस, तुला हे चित्र पूर्ण व्हायला नकोय का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. बाहेर पावसाची बारीक सर काचेवर उतरत होती. मला वाटलं, आता… आता तरी याला कळेल.

"कारण मला ते हवंय," तो म्हणाला. "लवकरात लवकर."

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन माझी पेटी भरायला काढली.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी मावशीच्या दिवाणखान्यात बारा बायका जमल्या. चहा, केक, आणि सगळ्यांच्या कुजबुजीत एकच विषय. त्यातल्या तिघींनी आधीच म्हणून ठेवलं होतं की चित्र आवडलं तर आपलंही मिस्टर पॅटर्सनकडूनच काढून घेऊ. निनियन भिंतीपाशी उभा होता. नवा कोट, भुवई स्वच्छ. मी किटली घेऊन दाराशी.

मावशीने कापड ओढलं.

चेहरा मावशीचाच होता; दहा वर्षांनी लहान, गुळगुळीत, सुबक. पण बघणाऱ्याची नजर त्यावर ठरतच नव्हती. घसरून ती हातावर यायची. पेला पुढे करणारा तो उजवा हात… त्याच्या दंडावर थंडी होती, मनगटात कंटाळा होता, बोटांत खोडकरपणा होता. असं वाटे की आत्ता हा पेला पाडेल. मी माझा हात रोज बघते, पण त्याच्याकडे कुणी असं पाहिलं असेल हे मला माहीत नव्हतं.

म्हाताऱ्या लेडी किल्मोरीने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"युफीमिया," ती मावशीला म्हणाली, "चेहरा तुझाच आहे गं बाई. पण चित्रकाराचा जीव जडलाय तो हाताच्या मालकिणीवर."

बारा डोकी वळली. बारा जणींनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

मावशी पांढरी पडली, मग लाल झाली. "मिस्टर पॅटर्सन, हा हात चेहऱ्याशी जुळत नाही. बदला."

"खरंय बाईसाहेब," निनियन म्हणाला. "जुळत नाही."

मी सुटकेचा श्वास सोडला. चला, अक्कल आहे थोडी.

"पण बदलायचाच असेल तर चेहरा बदलावा लागेल," तो शांतपणे म्हणाला. "हात बरोबर आहे."

कुणाचा तरी चमचा बशीत पडला. पाच मिनिटांत निनियन पॅटर्सन जिन्याखाली होता, चित्र तोंड भिंतीकडे करून उभं होतं, आणि त्या तीन बायका दुसऱ्याच कुठल्या चित्रकाराबद्दल बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन मजले एका दमात चढले. मागून कर्स्टी देवाचं नाव घेत येत होती. निनियन खिडकीत बसून ओटची भाकरी खात होता. शांतपणे! मला तर वाटलं, गरुड उचलून त्याच्या डोक्यात घालावा.

"तू मूर्ख आहेस का?"

"ये. बस."

"बसायला नाही आले, भांडायला आलेय! बारा बायकांच्या पुढ्यात मावशीला सांगतोस चेहरा बदला? एक शब्द… 'बदलतो' एवढा एक शब्द म्हटला असतास तर तीन चित्रं मिळाली असती तुला. शहरात नाव झालं असतं!"

"खोटं बोलावं लागलं असतं."

"मग बोलायचं! लोक रोज बोलतात. मावशीला दहा वर्षांनी लहान काढलंस, ते काय खरं होतं?"

त्याने भाकरी खाली ठेवली. "नाही," तो हळू म्हणाला. "ते खोटं होतं. म्हणून तर तो चेहरा मेलेला निघाला. तू म्हणतेस ते बरोबर आहे."

भांडायला आलेल्या माणसाला कुणी असं एकदम बरोबर म्हटलं की फार पंचाईत होते. मग मी दुसरं भांडण काढलं. "आणि एवढी घाई कसली होती तुला? मी पेले पाडले, शिंकले, त्या मेल्याची शेपटी फिरवली… आणि तू आपला रात्रंदिवस रंगवत सुटलास! मला केथनेसला पाठवायची इतकी घाई?"

"लिलियस…" तो उठला. "तुझ्या मावशीपुढे मागणी घालायला जायचं होतं मला. गाड्या रंगवणाऱ्याचा मुलगा म्हणून जाऊ? म्हटलं, चित्र वेळेवर देऊ, नाव होईल, तीन कामं हातात येतील. मग तू केथनेसची गाडी पकडायच्या आधी जिना चढून जाऊन विचारू. माझा सगळा हिशेब एप्रिलअखेरचा होता."

दीड महिना. दीड महिना आम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी एकमेकांच्या विरुद्ध दोर ओढत होतो!

"हे मला सांगता येत नव्हतं तुला?"

"तू उभी असायचीस तेव्हा मला रंगवायचं असायचं," तो केविलवाणा होऊन म्हणाला. "आणि तू गेलीस की सांगायला कुणी नसायचं."

मी हसले की रडले, मला आठवत नाही. कर्स्टी मात्र विणकामातून मान वर न करता म्हणाली, "घ्या, झालं एकदाचं!" तिच्या कानांबद्दल माझा इतके दिवस फारच गैरसमज झाला होता.

मी थेट घरी गेले. मावशी पडदे ओढून, कपाळावर ओली पट्टी घेऊन पडली होती.

"मावशी, तू स्वतः बस."

"कुठे?"

"चित्राला. सहा सकाळी. गरुड नको, मलमल नको. तुझा तो काळा रेशमी झगा घाल, तुझ्या खुर्चीत बस, आणि त्याला तुझे हात काढू दे. गावभर म्हणतील की लेडी ग्लेनकार्डीला उसने हात लागतात… ते चालेल तुला?"

ओली पट्टी भिंतीवर आपटली. "उसने हात?" मावशी उठून बसली. "त्या घोडागाडीवाल्याला मी दाखवतेच!"

पहिल्या दोन सकाळी तिने त्याला फक्त सुनावलं. तो ऐकत राहिला आणि रंगवत राहिला. तिसऱ्या सकाळी ती ग्लेनकार्डीकाकांबद्दल बोलू लागली. घोड्यावरून पडून ते गेले, त्यानंतर सतरा वर्षं तिने एकटीने ती जमीन, ती कुळं, ते घर कसं सांभाळलं… मी कधीच ऐकलं नव्हतं ते. बोलताना ती अंगठी फिरवायची. निनियनने ती अंगठी फिरवणारी बोटं काढली. डोळ्यांखालच्या सुरकुत्या काढल्या, एकही न गाळता. तेव्हा मला कळलं की त्या पहिल्या चित्रात त्याने मला जे पाहिलं ते नुसतं माझ्या हाताचं कौतुक नव्हतं. तो माणूस बघतच तसा होता. आणि मी पुन्हा एकदा, नव्याने, त्याच्या प्रेमात पडले.

सहाव्या सकाळी तोंड उरलं.

"ओठ अजिबात हलवायचे नाहीत, बाईसाहेब," निनियनने बजावलं. "पाव तास. हलले तर सगळं खरवडावं लागेल."

मावशीने ओठ मिटले. मी खिडकीपाशी उभी होते. आणि माझ्या मनात आलं, अशी संधी आयुष्यात पुन्हा येणार नाही.

"मावशी," मी म्हटलं, "मला मिस्टर पॅटर्सनशी लग्न करायचंय."

निनियनच्या हातून रंगाची पाटी पडता पडता राहिली. मावशीचे डोळे असे वटारले की खिडकीची काच तडकावी.

"हलू नका!" तो घाबरून ओरडला. "म्हणजे… बाईसाहेब, मी स्वतःच विचारणार होतो. मी… ओठ! ओठ मिटलेले ठेवा! माझ्याकडे सध्या एकही काम नाही. वडील लीथला गाड्या रंगवतात. पण मी हिला केथनेसला जाऊ देणार नाही… हनुवटी थोडी डावीकडे, हां… आणि जन्मभर हिच्याशी खोटं बोलणार नाही."

"ते मी स्वतः पाहिलंय," मी म्हटलं. "त्याला येतच नाही."

पाव तास. घड्याळाची टिकटिक, कुंचल्याची खसखस, आणि मावशीचं नाकातून फुसफुसणं. शेवटी निनियनने कुंचला खाली ठेवला. कपाळावरचा घाम पुसला.

"झालं."

मावशी उठली. चित्रापुढे जाऊन उभी राहिली. त्यात एक अठ्ठेचाळीस वर्षांची बाई होती. मिटलेल्या ओठांआड हजार शब्द दाबून धरलेली, संतापलेली, हुशार, आणि कुणी लक्षात घेतलं नव्हतं इतकी देखणी. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने हात उचलला, आणि चित्राला न लावता, हवेतच, त्या गालावरून बोट फिरवलं.

"ही मी आहे," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

मग तिने घसा साफ केला आणि माझ्याकडे वळली. "केथनेसला पत्र टाक. म्हणावं, दुसरी सोबतीण बघा."

"मावशी!"

"मिठी मारू नकोस, झगा चुरगळेल. आणि तुम्ही, मिस्टर पॅटर्सन," ती दाराशी थांबली, "लेडी किल्मोरीला मी उद्या इथे पाठवते. तिच्या एकूण एक सुरकुत्या काढा. मला त्या मोजायच्या आहेत."

कर्स्टीला हाताशी धरून ती जिना उतरू लागली. जाताना दार तिने ओढून घेतलं; इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच आम्हाला एकटं सोडून. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. मी वाट पाहिली. तो कुंचला पुसू लागला. मी आणखी वाट पाहिली.

"निनियन," मी शेवटी वैतागून म्हटलं, "आता तरी रंगवायचं काही उरलेलं नाही ना?"

"नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच अगदी सावकाश, मुळीच घाई न करता, माझ्याकडे चालत आला.